शिबिरानंतरचे काम

सेवा क्लब ही मुळात शहरातल्या व्यापारी आणि व्यावसायिकांची संस्था. पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोमध्ये तीन परिचितांना सोबत घेऊन रोटरी क्लबची सुरुवात केली. बारा वर्षांनी, १९१७ मध्ये, त्याच शहरातून लायन्स क्लबची चळवळ उभी राहिली. १९२५ च्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधत्वाविरुद्धचे काम हाती घेण्याचे आवाहन केले आणि नेत्रसेवा ही लायन्सची ओळख बनली. भारतात रोटरीचा पहिला क्लब १९१९ मध्ये कोलकात्यात स्थापन झाला, मुंबईचा १९२९ मध्ये. स्वातंत्र्यानंतर हे लोण जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या गावी पोहोचले. डॉक्टर, वकील, अडते, कापड दुकानदार, प्राध्यापक आणि अभियंते असे आपापल्या व्यवसायात स्थिरावलेले लोक एकत्र येतात, वर्गणी काढतात, ठरलेल्या दिवशी बैठक घेतात आणि वर्षभराचे उपक्रम आखतात, अशी या क्लबांची सर्वसाधारण रीत आहे.

या रीतीत दोन मोठी बलस्थाने आहेत. पहिले म्हणजे शिस्त. हिशेब लिहिला जातो, इतिवृत्त ठेवले जाते आणि पदे दरवर्षी बदलत असल्याने संस्था एका माणसाच्या मुठीत जात नाही. दुसरे म्हणजे संपर्क. तालुक्याच्या गावातला क्लब गरज पडली तर मोठ्या शहरातल्या शल्यचिकित्सकापर्यंत किंवा परदेशातल्या क्लबपर्यंत पोहोचू शकतो. मात्र याच रीतीत एक उणीवही दडलेली आहे. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. नव्या अध्यक्षाचे पदग्रहण झाले की नवे उपक्रम सुरू होतात आणि मागच्या वर्षीचे काम अनेकदा मागेच राहते. मुलाचे शिक्षण किंवा गावाचे आरोग्य मात्र बारा महिन्यांच्या हिशेबात बसत नाही. मुलांसाठी आणि गावासाठी केलेल्या सेवेची खरी कसोटी शिबिर संपल्यानंतर लागते, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या बिबीसारख्या गावाकडे पाहिले म्हणजे स्पष्ट होते.

बिबी हे लोणार तालुक्यातले मोठे गाव, मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावरचे. एका बाजूला उल्कापाताने तयार झालेले लोणारचे सरोवर, दुसऱ्या बाजूला जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा आणि मध्ये कोरडवाहू शेतीचा पट्टा. सोयाबीन, तूर, कापूस आणि हरभरा ही इथली पिके. त्यांवरच घराचे वर्ष चालते. सोयाबीनची सोंगणी आली किंवा कापूस वेचायला आला की शाळेच्या पटावर नाव असलेले मूल शेतावर किंवा धाकट्या भावंडाला सांभाळत घरी असते. आजूबाजूच्या लहान गावांसाठी बिबी हे दवाखान्याचे आणि पोलीस ठाण्याचे गाव आहे. अशा गावात मोठ्या क्लबांची शाखा असो वा नसो, त्यांचे काम करणारे हात असतातच. युवक मंडळे, गणेश मंडळे, भजनी मंडळे, महिला बचत गट, शाळेचे माजी विद्यार्थी आणि महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक अशी त्यांची नावे वेगवेगळी असतात, काम थोड्याफार फरकाने तेच.

या हातांची गरज केव्हा आणि किती असते, हे २० फेब्रुवारी २०२४ च्या रात्री दिसले. लोणार तालुक्यातल्या सोमठाणा इथे हरिनाम सप्ताह सुरू होता. एकादशी असल्याने उपवासाच्या फराळाचा प्रसाद वाटला गेला. थोड्याच वेळात लोकांना पोटदुखी, उलट्या आणि मळमळ सुरू झाली. बघता बघता रुग्णांची संख्या शेकड्यांत गेली आणि त्यांतल्या बहुतेकांना बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात आणण्यात आले. खाटा भरल्या, वऱ्हांडा भरला आणि मग रुग्णालयाबाहेर रस्त्यालगत लोकांना झोपवून उपचार सुरू झाले. झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगण्यात आल्या. ते चित्र देशभर पोहोचले.

त्या रात्रीतून सेवेच्या कामाला दोन धडे मिळतात. पहिला मदतीच्या तयारीचा आहे. अशा वेळी डॉक्टर आणि परिचारिका यांच्याइतकीच गरज असते ती रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या, पाणी देणाऱ्या, गाड्यांची वाट मोकळी करणाऱ्या, घाबरलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या आणि नातेवाइकांना निरोप देणाऱ्या माणसांची. हे काम कोणीही करू शकतो, पण कोणी काय करायचे ते आधी ठरलेले असेल तरच ते नीट होते. दुसरा धडा संकट टाळण्याचा आहे. उपवासाच्या फराळात नेहमी असणारी भगर ओलसर जागी साठवली तर तिच्यावर बुरशी धरते आणि त्या बुरशीतून विषारी द्रव्ये तयार होऊ शकतात. म्हणूनच भगर निवडून, धुऊन आणि ताजी शिजवून खावी, तिचे पीठ फार दिवस ठेवू नये, असे अन्न व औषध प्रशासन सणावारांच्या आधी सांगत असते. ही सूचना वर्तमानपत्रात छापून येते. सप्ताहाच्या स्वयंपाकघरात ती पोहोचवायला गावातलाच माणूस लागतो. गावोगावच्या आचाऱ्यांना आणि भजनी मंडळांना बोलावून पाण्याची टाकी, धान्याची साठवण आणि हात धुण्याची सोय यांवर तासभर बोलणे याला खर्च जवळजवळ नाही. एका सेवा क्लबला अंगावर घेता येण्यासारखे याहून उपयोगी काम क्वचितच असेल.

रस्त्याचेही तसेच आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे याच जिल्ह्यात सिंदखेडराजा परिसरात समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. महामार्गालगतच्या गावांत प्रथमोपचाराचे शिक्षण घेतलेले तरुण असणे ही आता चैनीची बाब राहिलेली नाही. रक्तस्राव कसा थांबवावा, पाठीच्या कण्याला मार बसलेल्याला कसे उचलावे, १०८ क्रमांकावर ठिकाण नेमके कसे सांगावे, एवढे तरी प्रत्येक गावातल्या काही जणांना यायला हवे. असे प्रशिक्षण एकदा देऊन भागत नाही. सराव सुटला की हात विसरतात, म्हणून दरवर्षी उजळणी हवी.

मुलांसाठीच्या उपक्रमांकडे वळले की सर्वाधिक आढळतो तो वाटपाचा कार्यक्रम. जून महिन्यात वह्या, दप्तरे आणि गणवेश, हिवाळ्यात स्वेटर. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या हातात पैसा नसतो आणि नेमकी तेव्हाच शाळा सुरू होते. त्या आठवड्यात मिळालेल्या वह्यांच्या गठ्ठ्याने घरातला खरा ताण हलका होतो. तरीही वाटपाला मर्यादा आहेत. वस्तू संपली की मदत संपते आणि मूल शाळेत येते की नाही, त्याला वाचता येते की नाही, हा प्रश्न आहे तिथेच राहतो. शिवाय वाटप कसे होते याला महत्त्व आहे. नावे पुकारून, रांगेत उभे करून, पाहुण्यांच्या हातून वस्तू घेतानाचे छायाचित्र काढले की मुलाच्या मनात आपण गरीब आहोत ही जाणीव वस्तूपेक्षा जास्त काळ राहते. तीच सामग्री मुख्याध्यापकांकडे सोपवून वर्गातल्या सगळ्यांना सारखी देता येते. मुलाचा मान राखणे हा सेवेचाच भाग आहे.

दुसरा प्रकार आरोग्य शिबिरांचा. इथे शासनाची व्यवस्था कागदावर बरीच नेमकी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरहून झाला. जन्मतः असलेली व्यंगे, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि वाढीतला उशीर या चार गोष्टींसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथकाने जायचे, अशी त्याची रचना आहे. म्हणजे तपासणीची सोय आहे. मग मूल अडते कुठे? ते अडते तपासणीनंतर. चौथीतल्या मुलीला फळ्यावरची अक्षरे दिसत नाहीत हे लक्षात येते, चिठ्ठी लिहून दिली जाते आणि ती चिठ्ठी दप्तरात तशीच राहते. तिला तालुक्याला किंवा बुलढाण्याला न्यायचे म्हणजे आईची किंवा वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडणार, एसटीचे भाडे जाणार आणि कोणत्या खिडकीवर काय विचारायचे हेही ठाऊक नसते. चष्मा मिळाला तरी तो वर्षभरात मोडतो, नंबर बदलतो आणि दुसरा कोण आणणार हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. दरम्यान ती मुलगी वर्गात मागे पडत जाते आणि घरचे आणि शाळेतले सगळेच तिला अभ्यासात कच्ची समजू लागतात.

सेवा क्लबने आणखी एक तपासणी शिबिर घेतल्याने हा अडसर दूर होत नाही. तो दूर होतो एका यादीने आणि ती यादी हातात घेऊन वर्षभर फिरणाऱ्या दोन-चार माणसांनी. शाळेतल्या ज्या मुलांना पुढच्या उपचारासाठी पाठवायचे आहे त्यांची नावे शिक्षकांकडून घ्यायची, महिन्यातून एक दिवस ठरवून त्यांना पालकांसह रुग्णालयात न्यायचे, सोबत थांबायचे, औषध किंवा चष्मा मिळेपर्यंत विचारपूस करायची आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये तीच यादी पुन्हा उघडायची. या कामाचे उद्घाटन होत नाही आणि बातमीही होत नाही. पण शासनाची सेवा आणि मुलाचे घर यांच्यामधली जी जागा रिकामी असते, ती याच कामाने भरते.

शस्त्रक्रियेच्या बाबतीतही हेच खरे ठरले आहे. दुभंगलेले ओठ घेऊन जन्मलेल्या मुलांसाठी अमेरिकेत स्थायिक झालेले प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित वर्षानुवर्षे भारतात येऊन मोफत शस्त्रक्रिया करत राहिले. अपघातानंतर शरीराने साथ सोडली तरी त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून काम चालू ठेवले. भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरे महाराष्ट्रात गावोगावी भरवली आणि त्यांच्या मृत्यूनंतरही त्यांच्या नावाने ती चालू ठेवली. एका डॉक्टरचे कौशल्य हजारो घरांपर्यंत पोहोचले ते स्थानिक कार्यकर्त्यांनी मुले शोधली, पालकांची समजूत घातली, राहण्याजेवणाची सोय केली आणि टाके काढेपर्यंत काळजी घेतली म्हणून.

चिकाटीचा सर्वांत मोठा दाखला पोलिओचा आहे. रोटरीने १९८५ मध्ये जगातून पोलिओ घालवण्याचा संकल्प केला. भारतात राष्ट्रीय पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. त्यानंतरचा काळ सोपा नव्हता. २००९ मध्येही देशात पोलिओचे ७४१ रुग्ण आढळले होते. तरीही पोलिओ रविवार चुकला नाही. बूथवर न आलेल्या मुलांसाठी आशा आणि अंगणवाडी सेविका घरोघर गेल्या. डोस घेतलेल्या बाळाच्या बोटावर शाईची खूण करायची, घराच्या दारावर खडूने नोंद करायची आणि सुटलेल्या घरी पुन्हा जायचे, हा क्रम वर्षानुवर्षे पाळला गेला. क्लबांच्या सदस्यांनी बूथ सांभाळले, वाहने दिली, विरोध असलेल्या वस्त्यांत जाऊन बोलणी केली. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. दरवर्षी नवा अध्यक्ष आणि नवा उपक्रम ही क्लबांची रीत असूनही पोलिओचे काम तीन दशके टिकले, कारण ते कोणा एका अध्यक्षाचे नव्हते. म्हणजे रीतीतली उणीव भरून काढता येते. त्यासाठी काही कामे पदाधिकाऱ्यांच्या वर्षाबाहेर काढून संस्थेच्या नावे कायमची लिहून ठेवावी लागतात.

विदर्भाला ही शिकवण परकी नाही. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) गावात शिरताच आधी हातात खराटा घेतला आणि कीर्तन नंतर केले. दान मिळालेल्या पैशातून धर्मशाळा आणि शाळा उभ्या राहिल्या. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) गुरुकुंज मोझरीहून गुरुदेव सेवा मंडळांचे जाळे विणले आणि सामुदायिक प्रार्थनेला ग्रामसफाईची जोड दिली. बुलढाण्याची महाविद्यालये ज्या अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत त्याला गाडगेबाबांचेच नाव आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करायची असते आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर भरते. सात दिवसांत रस्ता झाडला जातो, शोषखड्डे खणले जातात, पथनाट्य होते. आठव्या दिवशी ते गाव पुन्हा आपल्या वाटेने जाऊ लागते. तेच गाव तीन-चार वर्षे सलग दत्तक घेतले आणि गावातल्या मंडळाने शिबिराचे काम पुढे चालवले, तर विद्यार्थ्यांच्या घामाला फळ येते.

बिबीच्या शेजारीच सातत्याचे मोठे उदाहरण आहे. मेहकर तालुक्यातल्या हिवरा बुद्रुक इथे शुकदास महाराजांनी १९६५ मध्ये विवेकानंद आश्रम स्थापन केला. रुग्णसेवेपासून सुरू झालेल्या या कामातून पुढे शाळा आणि कृषी महाविद्यालय उभे राहिले. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात इथे लाखो लोक शेतात पंगती धरून बसतात आणि पुरी व वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरमधून आणून वाढला जातो. हजारो स्वयंसेवक हे काम आपले समजून करतात. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानातही सेवेकरी गावोगावहून पाळीपाळीने येतात, मोबदला न घेता झाडलोट करतात, पंगतीत वाढतात, भाविकांच्या रांगा सांभाळतात. विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील यांनी या सेवेला जी शिस्त लावली, तिचा अभ्यास करायला व्यवस्थापनाचे विद्यार्थी येत असत. या जिल्ह्यातल्या माणसाला सेवा शिकवावी लागत नाही. ती पाळीपाळीने, नेमाने आणि नावाची अपेक्षा न ठेवता कशी करायची हे त्याला ठाऊक आहे. देवळातली ही सवय शाळेच्या आणि दवाखान्याच्या आवारात आणणे एवढेच उरते.

श्रमदानाच्या बाबतीत हे घडूनही गेले आहे. २०१८ च्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातल्या सिंदखेड या गावाने राज्यात दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळवला. एप्रिल-मेच्या उन्हात गावकऱ्यांनी पंचेचाळीस दिवस चर खोदले, बांध घातले. त्याच वर्षी भारतीय जैन संघटनेने ‘सुजलाम् सुफलाम्’ उपक्रमातून जिल्ह्यातल्या तलावांतला आणि धरणांतला गाळ यंत्रांनी काढला. यंत्रे संस्थेने पुरवली, इंधनाचा भार शासनाने उचलला आणि गाळ शेतकऱ्यांनी आपल्या खर्चाने शेतात नेला. सेवेची ही वाटणी लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येकाने काहीतरी घातले म्हणून कोणीच केवळ घेणारा राहिला नाही. पाण्याचे काम मुलांचेही काम असते, कारण टंचाईत डोक्यावर हंडा घेऊन जाणारी मुलगी त्या वेळेत शाळेत नसते.

मुलींचा प्रश्न या जिल्ह्यात वेगळा मांडावा लागतो. २०११ च्या जनगणनेत बुलढाण्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ८५५ होती. जानेवारी २०१५ मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजना देशातल्या ज्या शंभर जिल्ह्यांत प्रथम लागू झाली, त्यांत बुलढाणा होता. मुलीच्या जन्माचे स्वागत करणारे कार्यक्रम क्लब घेतात, ते घ्यावेतही. पण आठवी-दहावीनंतर शाळा सुटू नये यासाठी सायकल, एसटीची वेळ, शाळेतले स्वच्छतागृह आणि लग्नाची घाई करणाऱ्या घराशी बोलणे, ही कामे जास्त मोलाची आहेत. इथे महिलांचा पुढाकार अनिवार्य ठरतो. रोटरीने जगभरात महिलांना सदस्यत्व खुले केले ते १९८९ मध्ये. गावातले महिला बचत गट त्या तुलनेत कितीतरी पुढे आहेत. ज्या घराच्या ओट्यावर क्लबचा अध्यक्ष पोहोचत नाही, तिथे बचत गटातली ताई सहज बसून बोलू शकते.

या सगळ्यातून काही सूत्रे निघतात. गरज गावाने सांगावी. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शासकीय आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती नेमली असून तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. मुलांसाठीचा कोणताही उपक्रम तिच्यासमोर मांडूनच ठरवावा. शासनाची योजना असेल तिथे समांतर योजना काढण्यापेक्षा तिच्यातली पोकळी शोधावी. हाती घेतलेले काम किमान तीन वर्षांचे असावे आणि नव्या पदाधिकाऱ्यांनी ते पहिल्याच बैठकीत स्वीकारावे. हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. मुलाचा चेहरा प्रसिद्धीसाठी वापरू नये. आणि काम संपवायचे असेल तर ते कोणाच्या हाती सोपवायचे हे सुरुवातीलाच ठरलेले असावे.

हाती घेतलेले काम शेवटास नेणे म्हणजे काय, याचा अर्थ किल्लारीच्या भूकंपानंतरच्या एका कामातून कळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या आपत्तीनंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्याजवळ वाघोलीला आणले आणि त्यांचे शिक्षण पूर्ण होईपर्यंतची जबाबदारी घेतली. भूकंपानंतर अन्न, कपडे आणि तंबू देणारे असंख्य हात पुढे आले होते आणि ते हातही हवेच होते. पण मूल स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत सोबत राहणे हे वेगळ्या ताकदीचे काम होते.

बिबीसारख्या गावाला एवढ्या मोठ्या संस्थेची गरज नाही. दहा-बारा माणसे, शाळेतून घेतलेली एक यादी, महिन्यातला एक ठरलेला दिवस, रुग्णालयाशी आणि पोलीस ठाण्याशी आधीच केलेली बोलणी आणि पुढच्या वर्षी हेच काम चालू राहील असा लेखी ठराव, इतक्यावर सुरुवात होते. पैसा त्यानंतर लागतो आणि जिथे काम दिसते तिथे लोकवर्गणी जमतेच, हा या जिल्ह्याचा अनुभव आहे. ज्या क्लबने किंवा मंडळाने एका शाळेतली मुले दहावीपर्यंत नजरेआड होऊ दिली नाहीत, त्याने गावाची सेवा केली असे खात्रीने म्हणता येईल.